आल्फ्रेड ब्रेंडेल, पियानोवादक आणि लेखक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्फ्रेड ब्रेंडेल कोण होते?

आल्फ्रेड ब्रेंडेल (५ जानेवारी १९३१ – १७ जून २०२५) हे ऑस्ट्रियन पियानोवादक, निबंधकार आणि कवी होते. त्यांनी तब्बल साठ वर्षे जाहीर मैफली केल्या. हायडन, मोझार्ट, बेथोव्हन, शूबर्ट आणि लिस्ट या पाच संगीतकारांच्या रचना हा त्यांच्या वादनाचा कणा होता. याच काळात त्यांनी संगीतावर निबंध लिहिले, व्याख्याने दिली आणि वयाच्या पासष्टीला पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध केला. बहुतेक परिचयांत त्यांच्या लेखनाचा उल्लेख फावल्या वेळचा छंद असावा तसा, शेवटच्या परिच्छेदात येतो. ही मांडणी योग्य वाटत नाही. ब्रेंडेल यांचे लेखन त्यांच्या वादनाच्या पोटातून आलेले आहे, आणि वादनात जे ऐकू येते त्याचा बराचसा भाग आधी कागदावर तपासून घेतलेला असतो. खालील उत्तरांमध्ये या दोन्ही बाजू शक्यतो एकत्रच ठेवल्या आहेत.

त्यांचे बालपण कुठे गेले? घरात संगीत होते का?

त्यांचा जन्म चेकोस्लोव्हाकियातील उत्तर मोरावियामधल्या वीझेनबर्ग या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव लौच्ना नाद देस्नोऊ असे आहे. घराणे जर्मनभाषक होते. घरात कोणी संगीतकार नव्हते, आणि विद्वत्तेची परंपराही नव्हती. ब्रेंडेल यांनी स्वतःबद्दल सांगताना ही गोष्ट नेहमी आवर्जून सांगितली. आपण बालवयातील चमत्कार नव्हतो, आपली स्मरणशक्ती छायाचित्रासारखी नाही, आपण इतरांपेक्षा वेगाने वाजवत नाही आणि समोर आलेली नवी स्वरलिपी पाहताक्षणी वाजवण्यातही आपण फारसे तरबेज नाही, अशी जवळजवळ संपूर्ण नकारांची यादी ते ऐकवत असत.

ते लहान असतानाच कुटुंब युगोस्लाव्हियातील क्र्क या बेटावर राहायला गेले. तेथे वडील हॉटेल चालवत असत. हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी ग्रामोफोनवर तबकड्या लावण्याचे काम लहानग्या आल्फ्रेडकडे होते, आणि त्या गाण्यांबरोबर तो स्वतःही गात असे. त्यानंतर कुटुंब झाग्रेबला आले. तेथे सहाव्या वर्षी सोफिया देझेलिच यांच्याकडे पियानोचे धडे सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंब ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात स्थायिक झाले. युद्ध संपत आले असता चौदा वर्षांच्या ब्रेंडेल यांना खंदक खणण्यासाठी पुन्हा युगोस्लाव्हियात पाठवण्यात आले. तेथे थंडीने त्यांना हिमदंश झाला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. रेडिओवरची नेत्यांची भाषणे आणि ती ऐकून भारावलेले चेहरे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. कोणत्याही प्रकारच्या कडव्या श्रद्धेविषयी त्यांच्या मनात जो कायमचा अविश्वास राहिला, त्याचे मूळ ते या वर्षांत शोधत.

त्यांचे गुरू कोण होते? ते स्वयंशिक्षित होते, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ग्राझमध्ये ते लुडोव्हिका फॉन कान यांच्याकडे पियानो आणि आर्टुर मिखल यांच्याकडे रचनाशास्त्र शिकले. मात्र वयाच्या सोळाव्या वर्षानंतर त्यांना पियानोचा नियमित शिक्षक उरला नाही. युरोपीय अभिजात संगीताच्या जगात ही गोष्ट विरळाच. तेथे एखाद्या नामांकित संस्थेतून आणि नामांकित गुरूच्या हाताखालून आल्याशिवाय सहसा कोणी व्यासपीठापर्यंत पोहोचत नाही.

स्वयंशिक्षित असले तरी ते एकाकी शिकले असे नाही. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे एडविन फिशर यांचे मास्टरक्लास होत. ब्रेंडेल यांनी १९४९ पासून त्यांत भाग घेतला आणि फिशर यांचे ऋण आयुष्यभर मान्य केले. पाउल बाउमगार्टनर आणि एडुआर्ड श्टॉयरमान यांच्याकडूनही त्यांना काही काळ मार्गदर्शन मिळाले. आल्फ्रेड कोर्टो आणि विल्हेल्म केम्फ यांचे वादन त्यांनी बारकाईने ऐकले. तरीही आपण पियानोवादकांपेक्षा वाद्यवृंदाचे संचालक आणि गायक यांच्याकडून अधिक शिकलो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या वादनात डाव्या हाताच्या एखाद्या स्वरपंक्तीला अचानक चेलोचा किंवा बासूनचा पोत येतो, त्यामागे हे शिक्षण आहे.

रोजच्या रोज चूक दाखवणारा शिक्षक नसल्यामुळे हे काम त्यांना स्वतःलाच करावे लागले. त्यासाठी त्यांनी टेपरेकॉर्डरचा आधार घेतला. वाजवायचे, ध्वनिमुद्रण ऐकायचे, आपण जे करतो आहोत असे वाटत होते आणि जे प्रत्यक्षात ऐकू येते आहे त्यांतील तफावत शोधायची, आणि पुन्हा वाजवायचे, हा त्यांचा क्रम होता. तरुणपणी स्वतः संगीतरचना केल्याचाही त्यांना उपयोग झाला, कारण रचना आतून कशी बांधली जाते हे रचना करणाऱ्याला कळते. त्यांची लेखणीही याच गरजेतून चालू लागली असावी, असे आमचे मत आहे. त्यांच्या निबंधांतला सूर पुष्कळदा उपदेशकाचा नसतो. स्वतःलाच प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत पिच्छा न सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा तो सूर आहे. १९८५ च्या एका निबंधाला तर त्यांनी ‘मोझार्ट वाजवणारा स्वतःला सल्ला देतो’ अशा आशयाचे शीर्षक दिले.

पहिली जाहीर मैफल केव्हा झाली?

१९४८ साली, ग्राझ येथे. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पहिल्या मैफलीत तरुण वादक सहसा टाळ्या मिळवणाऱ्या रचना ठेवतो. ब्रेंडेल यांनी मात्र पियानो साहित्यातील फ्यूग हा विषय घेतला. फ्यूग म्हणजे एकच स्वरकल्पना वेगवेगळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायची आणि ते सारे आवाज एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवायचे, असा रचनाप्रकार. कार्यक्रमात बाख, ब्राम्स आणि लिस्ट यांच्याबरोबर त्यांचा स्वतःचा एक सोनाटाही (सहसा अनेक भागांची वाद्यरचना) होता, आणि त्यात दुहेरी फ्यूग होता. त्याच सुमारास शहरातील एका दालनात त्यांच्या जलरंगांचे प्रदर्शन भरले होते. पुढे चित्रकला मागे पडली, रचनाही थांबली. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, इटलीतील बोल्झानो येथे झालेल्या बुसोनी स्पर्धेत त्यांना चौथे पारितोषिक मिळाले आणि १९५० मध्ये ते व्हिएन्नाला राहायला गेले.

मग त्यांना प्रसिद्धी मिळायला इतका वेळ का लागला?

पन्नासच्या दशकात त्यांनी जे ध्वनिमुद्रित केले ते बहुतांशी लहान कंपन्यांसाठी होते. पहिले ध्वनिमुद्रण प्रोकोफिएव्हच्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोचे, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे, होते. पुढील काळात ब्रेंडेल या संगीतकाराच्या वाटेला फारसे गेलेच नाहीत, हे पाहता ही सुरुवात गमतीची वाटते. त्याच काळात लिस्टच्या ‘ख्रिसमस ट्री’ या अल्पपरिचित रचनामालेचेही त्यांनी ध्वनिमुद्रण केले. १९५८ ते १९६४ या काळात व्हॉक्स या कंपनीसाठी त्यांनी बेथोव्हनचे जवळजवळ सर्व एकल पियानो संगीत ध्वनिमुद्रित केले. इतक्या व्यापक प्रमाणावर हे काम करणारे ते पहिले पियानोवादक मानले जातात. तबकड्या स्वस्त होत्या आणि घराघरांत पोहोचल्या, पण कंपनीची प्रतिष्ठा बेताचीच असल्याने वादकाला मोठ्या सभागृहांची दारे लगेच उघडली नाहीत.

ती उघडली लंडनमध्ये. क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी बेथोव्हनच्या रचनांचा एक कार्यक्रम केला. तो लोकप्रिय धाटणीचा नव्हता आणि त्यांचे स्वतःचेही त्या दिवशीच्या वादनाने विशेष समाधान झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी तीन मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडून विचारणा आली. चुलीवर ठेवलेले पाणी कितीतरी वेळ हळूहळू तापत राहावे आणि किटलीने एकदम शिट्टी घालावी तसे ते झाले, असे ब्रेंडेल सांगत. त्यानंतर त्यांनी फिलिप्स या कंपनीशी करार केला. १९७१ मध्ये ते लंडनच्या हॅम्पस्टेड भागात राहायला आले आणि अखेरपर्यंत लंडन हेच त्यांचे घर राहिले.

बेथोव्हनचे बत्तीस सोनाटे त्यांनी तीन वेळा का ध्वनिमुद्रित केले?

पहिली मालिका व्हॉक्ससाठी, दुसरी सत्तरच्या दशकात फिलिप्ससाठी आणि तिसरी नव्वदच्या दशकात पुन्हा फिलिप्ससाठी झाली. ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलत गेले, हे एक कारण आहेच. पण खरे कारण असे की मधल्या काळात ते हे सोनाटे सतत मैफलींत वाजवत होते. १९८२-८३ च्या हंगामात त्यांनी युरोप आणि अमेरिकेतील अकरा शहरांत सत्त्याहत्तर मैफली करून संपूर्ण मालिका सादर केली. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आर्टुर श्नाबेल यांच्यानंतर संपूर्ण मालिका वाजवणारे ते पहिले वादक ठरले. एवढ्या सहवासानंतर जुने ध्वनिमुद्रण त्यांना अपुरे वाटू लागले.

तिन्ही मालिका एकापाठोपाठ ऐकल्यास फरक जाणवतो. पहिल्या मालिकेत तरुण वादकाचा तडफदारपणा आहे आणि काही ठिकाणी धार जरा जास्तच आहे. दुसरीत सारे मोजूनमापून बसवलेले आहे. तिसरीत आवाजाचे पदर अधिक आहेत, विशेषतः संथ भागांत, आणि वादक स्वतःला थोडी मोकळीक देतो. आमची पसंती तिसरीला आहे. मात्र ‘हामरक्लाव्हियर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड सोनाट्याच्या बाबतीत पहिल्या मालिकेची बाजू घेणारे श्रोतेही आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही.

त्यांनी आणखी कोणाचे संगीत वाजवले, आणि काय वाजवले नाही?

मोझार्टचे पियानो कॉन्चेर्टो त्यांनी नेव्हिल मॅरिनर आणि त्यांच्या अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केले. उत्तरायुष्यात त्यांतील काही त्यांनी चार्ल्स मॅकेरस यांच्याबरोबर पुन्हा केले. बेथोव्हनच्या पाच कॉन्चेर्टोंसाठी बर्नार्ड हायटिंक, जेम्स लव्हाइन आणि सायमन रॅटल असे वेगवेगळे संचालक त्यांना लाभले. डीट्रिश फिशर-डीस्काऊ यांच्या गायनाला साथ करत त्यांनी शूबर्टची ‘विंटररायझे’ ही गीतमाला ध्वनिमुद्रित केली. मुलगा एड्रियन चेलोवादक असून त्याच्याबरोबर बेथोव्हनचे चेलो सोनाटेही त्यांनी वाजवले.

दोन संगीतकारांच्या बाबतीत मात्र त्यांची कामगिरी वेगळी नोंदवायला हवी. ते तरुण होते तेव्हा लिस्टकडे दिखाऊ कसरतींचा संगीतकार म्हणून पाहिले जाई. ब्रेंडेल यांनी त्याचा बी मायनर सोनाटा आणि ‘आने द पेलरिनाज’ ही प्रवासचित्रांची मालिका अशा गांभीर्याने वाजवली, आणि त्याच्याविषयीच्या गैरसमजांवर इतके नेमके लिहिले, की लिस्टला हसण्यावारी नेणे अवघड झाले. आर्नोल्ड श्योनबर्गच्या पियानो कॉन्चेर्टोचे त्यांनी एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रण केले. श्रोत्यांना जड वाटणारी ही रचना मैफलीत आणण्याचा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला.

शोपेनच्या पोलोनेझ या नृत्यरचना त्यांनी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित केल्या, पण नंतर तो रस्ता सोडला. शोपेनला स्वतःला वाहून घेणारा वादक लागतो आणि आपल्याला इतरत्र जायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. राखमानिनोव्हविषयी त्यांचे मत स्पष्टपणे प्रतिकूल होते आणि ते त्यांनी लपवले नाही. आयुष्य मर्यादित असताना कोणते संगीत कायम नवी ऊर्जा देईल हे पाहूनच निवड करावी, असे ते मानत.

त्यांची महत्त्वाची पुस्तके कोणती?

निबंधांचा पहिला संग्रह ‘म्युझिकल थॉट्स अँड आफ्टरथॉट्स’ १९७६ मध्ये आला आणि दुसरा, ‘म्युझिक साउंडेड आउट’, १९९० मध्ये. पुढे हे निबंध एकत्रित आवृत्त्यांतही प्रसिद्ध झाले. समीक्षक मार्टिन मायर यांनी घेतलेली दीर्घ मुलाखत पुस्तकरूपाने उपलब्ध आहे आणि त्यांच्या जीवनाविषयी सर्वांत अधिक माहिती तिच्यात मिळते. निवृत्तीनंतर आलेले ‘अ पियानिस्ट्स ए टू झेड’ हे छोटेखानी पुस्तक अकारविल्हे नोंदींच्या रूपात आहे. एखादी नोंद काही ओळींची, तर एखादी दोन-तीन पानांची. ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’ या नियतकालिकातही ते लिहीत. मूळ लेखन प्रामुख्याने जर्मन भाषेत आहे.

निबंधांचे विषय अगदी कामाचे आहेत. बेथोव्हनच्या सोनाट्यांत रचनेचा आकार आणि मनोवस्था यांचा संबंध काय, शूबर्टचे सोनाटे विस्कळीत आहेत हा आरोप कितपत खरा, छापील आवृत्तीतील खुणा किती प्रमाण मानायच्या, अशा प्रश्नांवर ते लिहितात. एक निबंध तर वेगवेगळ्या गावच्या पियानोंशी जुळवून कसे घ्यायचे, यावरच आहे. व्हायोलिनवादक आपले वाद्य बरोबर नेतो. पियानोवादकाला त्या सभागृहात जे असेल त्यावरच वाजवावे लागते. पियानोच्या हातोड्यांवरची नमदा कडक झाली की आवाज कर्कश होतो. मग तंत्रज्ञ बारीक सुया टोचून ती मऊ करतो, आणि किती टोचायचे, कुठे टोचायचे यावर सबंध मैफलीचा नाद ठरतो. असे तपशील ब्रेंडेल आस्थेने लिहितात. पियानो चांगला लागलेला नसेल तर वादकाचा सगळा विचार वाया जातो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

शूबर्टच्या सोनाट्यातील पुनरावृत्तीचा वाद नेमका काय होता?

शूबर्टने १८२८ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, तीन सोनाटे पूर्ण केले. त्यांतील शेवटचा बी फ्लॅट मेजरमधील, म्हणजे शूबर्टच्या रचनांच्या सूचीतील डी. ९६०, हा सर्वांत प्रसिद्ध आहे. सुरुवातीची धून शांत, प्रार्थनेसारखी चालते, आणि आठव्या मात्राखंडात अगदी खालच्या स्वरांवर एक अतिशय मंद कंप येतो. तो जेमतेम ऐकू येतो, पण त्याने सगळ्या वातावरणाचा रंग पालटतो.

पहिल्या भागातील मांडणीचा विभाग, म्हणजे मुख्य धुना प्रथम येतात तो विभाग, दुसऱ्यांदा वाजवावा, अशी खूण शूबर्टने केली आहे, आणि परत सुरुवातीकडे जाण्यासाठी नऊ मात्राखंडांचा एक जोड दिला आहे. पुनरावृत्ती टाळली तर हे नऊ मात्राखंड कधीच ऐकू येत नाहीत. त्यांत एरवी मंद असणारा तोच कंप पूर्ण जोरात गरजतो. पुनरावृत्ती करावी असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद असा की संगीतकाराने लिहिलेले मात्राखंड गाळण्याचा अधिकार वादकाला नाही, आणि हा गडगडाट ऐकल्यावरच तो मंद कंप किती धोकादायक होता ते उमगते. ब्रेंडेल यांनी नेमकी उलट बाजू मांडली. तो उद्रेक त्या भागाच्या स्वभावात कुठेच बसत नाही, तो कंप दूर आणि गूढ राहण्यातच त्याचे सामर्थ्य आहे, आणि त्याला एकदा ओरडायला लावले की पुढचे सारे कंप दुबळे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय हा भाग मुळातच दीर्घ आहे आणि तीन सोनाटे एकाच संध्याकाळी वाजवायचे असतील तर प्रमाणाचाही विचार करावा लागतो. त्यांनी पुनरावृत्ती गाळली. त्यावर १९८९ मध्ये ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये उत्तर-प्रत्युत्तरही झाले.

आम्हाला या वादात ब्रेंडेल यांची बाजू पूर्णपणे पटत नाही. संगीतकाराच्या लिखित मजकुराशी निष्ठा ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या वादकाने नऊ मात्राखंड सोडून द्यावेत, यात थोडा अंतर्विरोध आहेच. तरीही हा वाद वाचण्यासारखा आहे, कारण निर्णय कोणत्याही बाजूचा असो, तो कारणे देऊन घेता येतो आणि त्या कारणांची शहानिशा कानांनी करता येते, हे त्यातून दिसते. दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवावीत, एक पुनरावृत्ती असलेले आणि एक ब्रेंडेल यांचे, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या त्या खालच्या कंपाकडे लक्ष द्यावे.

अभिजात संगीतात विनोद असतो, असे ते म्हणत. हे कसे?

१९८४ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानाचा विषयच ‘अभिजात संगीत सर्वस्वी गंभीरच असायला हवे का’ असा होता. शब्दांच्या किंवा कथेच्या आधाराशिवाय, केवळ स्वरांतून, हसू येईल असे काही करता येते हे त्यांना दाखवायचे होते. हायडनच्या सी मेजर सोनाट्याच्या शेवटच्या भागात सरळ चाललेली धून मध्येच भलत्याच स्वरसमूहावर येऊन अडखळते, थांबते आणि काही घडलेच नाही अशा आविर्भावात पुन्हा निघते. बेथोव्हनच्या ओपस ३१ मधील पहिल्या सोनाट्यात उजवा हात डाव्याच्या किंचित आधी पडत राहतो. जणू वादकाला दोन्ही हात एकत्र टेकवताच येत नाहीत! ही चूक सफाईने वाजवली तर विनोद मरतो आणि फार ठसवून वाजवली तर बाष्कळ होतो. बेथोव्हनच्या डियाबेली व्हेरिएशन्समधील (एकाच धूनीची बदलत जाणारी रूपे) तेहतीस भागांना ब्रेंडेल यांनी स्वतःची शीर्षके सुचवली होती, आणि त्यांतली काही चांगलीच खट्याळ आहेत.

सभागृहात असा विनोद वाजत असताना श्रोते मान खाली घालून भक्तिभावाने बसलेले असतात, याचे त्यांना आश्चर्य वाटे.

त्यांच्या कविता कशा आहेत?

छोट्या, मुक्तछंदातल्या आणि वरवर साध्या सुरातल्या. पहिला संग्रह १९९६ मध्ये जर्मन भाषेत आला आणि दोन वर्षांनी ‘वन फिंगर टू मेनी’ या नावाने इंग्रजीत. शीर्षक-कवितेतील पियानोवादकाला तिसरी तर्जनी फुटते. ती पियानो वाजवण्यासाठी नसते. दोन्ही हात कामात असताना काही दाखवायचे झाले, उदाहरणार्थ सभागृहात सतत खोकणारा श्रोता, तर त्याच्याकडे बोट करण्यासाठी ती उपयोगी पडते. आणखी एका प्रसिद्ध कवितेत कोलोन शहरातले खोकणारे आणि टाळ्या पिटणारे मिळून आपल्या हक्कांसाठी संघटना काढतात. मैफलीतील खोकल्याशी ब्रेंडेल यांचे आयुष्यभराचे वैर होते, त्याचा हा सूड म्हणायला हरकत नाही.

कविता केवळ गमतीच्या नाहीत. दादा या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंडखोर कलाचळवळीतला तर्कदुष्टपणा, विसंगतीची आवड आणि मृत्यूची थट्टा यांचे मिश्रण त्यांत आहे. इंग्रजी रूपांतरे त्यांनी रिचर्ड स्टोक्स यांच्या साहाय्याने केली. ब्रिटिश संगीतकार हॅरिसन बर्टविसल यांनी काही कवितांना स्वरसाज दिला. साहित्य म्हणून हे संग्रह पहिल्या प्रतीचे आहेत का, याविषयी मतभेद होऊ शकतात. निबंधकार ब्रेंडेल कवीपेक्षा थोर आहेत, असे आम्हाला वाटते.

त्यांचे वादन ‘बौद्धिक’ आणि कोरडे आहे, ही टीका योग्य आहे का?

ही टीका मुख्यतः अमेरिकेत झाली आणि ती पूर्णपणे निराधार नाही. नादमाधुर्याने श्रोत्याला गुंगवून टाकणे हे ब्रेंडेल यांचे उद्दिष्ट नव्हते, आणि काही ध्वनिमुद्रणांत आवाज थोडा रुक्ष वाटतो. मात्र टीकेमागे एक गृहीतक असते की जो वादक लिहितो तो विचार जास्त करतो आणि म्हणून त्याला कमी जाणवते. ब्रेंडेल यांनी याचा प्रतिवाद वारंवार केला. संगीताची सुरुवात आणि शेवट भावनेतच होतो, विश्लेषणाने फक्त चाळून घेण्याचे काम करायचे, अशी त्यांची धारणा होती. वादकाने रचनेला काय करायचे ते सांगू नये, रचनेने वादकाला सांगावे, हे त्यांचे आवडते सूत्र होते. शूबर्टच्या ए मेजर सोनाट्यातील संथ भागाच्या मध्यभागी जो विस्कोट होतो, तो त्यांच्या हातून ऐकावा. कोरडेपणाचा आरोप तेथे टिकत नाही.

बोटांना चिकटपट्ट्या का लावत? आणि आरशाची गोष्ट खरी का?

नखे तुटू नयेत म्हणून ते बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावून वाजवत असत. आरशाची गोष्टही खरी आहे. दूरचित्रवाणीवर स्वतःचे वादन पाहिल्यावर आपले हावभाव आणि वाजणारे संगीत यांचा मेळ बसत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर सराव करताना ते पियानोशेजारी आरसा ठेवू लागले.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

ब्रिटनने १९८९ मध्ये मानद नाइटहूड दिला. एर्न्स्ट फॉन सीमेन्स संगीत पुरस्कार २००४ मध्ये आणि जपानचा प्रेमियम इम्पेरियाले २००९ मध्ये मिळाला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९८ मध्ये मानद सदस्यत्व दिले. एमिल फॉन झावर आणि विल्हेल्म बाकहाउस यांच्यानंतर हा मान मिळालेले ते तिसरे पियानोवादक होते. ऑक्सफर्ड आणि येल यांसारख्या विद्यापीठांनी त्यांना मानद पदव्या दिल्या.

त्यांनी निवृत्ती केव्हा आणि कशी घेतली?

नव्वदच्या दशकातच शरीराने इशारे द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा त्यांनी ‘हामरक्लाव्हियर’, लिस्टचा सोनाटा, ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो अशा अंगमेहनतीच्या रचना एकेक करून सोडून दिल्या आणि हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्याकडे अधिक वळले. निवृत्तीची तारीख त्यांनी आधी जाहीर केली आणि ती पाळली. १४ डिसेंबर २००८ रोजी हॅनोव्हर येथे शेवटची एकल मैफल झाली. तीत हायडनचे एफ मायनर व्हेरिएशन्स होते, मोझार्ट आणि बेथोव्हन यांचा प्रत्येकी एक सोनाटा होता आणि शेवटी शूबर्टचा तोच डी. ९६०. चार दिवसांनी, १८ डिसेंबरला, व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये चार्ल्स मॅकेरस यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी मोझार्टचा ई फ्लॅट मेजर कॉन्चेर्टो, म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतील के. २७१, वाजवला. मोझार्टने तो १७७७ मध्ये, एकविसाव्या वर्षी लिहिला. ब्रेंडेल त्याला जगातील आश्चर्यांपैकी एक मानत. निरोपासाठी उत्तरायुष्यातली एखादी विरक्त रचना निवडणे सोपे होते. त्यांनी एका तरुणाची झेप निवडली.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

व्याख्याने दिली, कवितावाचन केले, तरुण वादकांना आणि तंतुवाद्यांच्या चौकडींना मार्गदर्शन केले आणि लिहिणे चालू ठेवले. काही वर्षांनी त्यांची श्रवणशक्ती बिघडली. आवाज नुसता कमी झाला नाही, तो विकृत होऊन कानी येऊ लागला, आणि पियानो ऐकणे त्यांना कठीण झाले. मनातल्या मनात संगीत ऐकण्याची शक्ती मात्र शाबूत राहिली. १७ जून २०२५ रोजी लंडनमध्ये, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची शिष्यपरंपरा आहे का?

रूढ अर्थाने नाही, कारण त्यांनी कोणत्याही संस्थेत नियमित अध्यापन केले नाही. इमोजेन कूपर, पॉल लुइस, टिल फेलनर आणि किट आर्मस्ट्राँग हे त्यांच्याकडे शिकलेले प्रमुख वादक. चौघांचे वादन एकमेकांसारखे नाही, आणि ब्रेंडेल यांच्यासारखेही नाही.

स्वरलिपी वाचता येत नसेल तर त्यांचे लेखन समजेल का? सुरुवात कुठून करावी?

‘अ पियानिस्ट्स ए टू झेड’ आणि मार्टिन मायर यांच्याबरोबरच्या मुलाखतींचे पुस्तक ही दोन्ही स्वरलिपीच्या ज्ञानाशिवाय वाचता येतात. विनोदावरील व्याख्यानात उदाहरणे स्वरलिपीत आहेत, पण त्या रचना ऐकत ऐकत वाचल्यास फारसे अडत नाही. बेथोव्हन आणि शूबर्ट यांच्यावरील मोठे निबंध मात्र पियानोजवळ बसून किंवा निदान छापील रचना समोर ठेवून वाचावेत, अन्यथा अर्धे हातातून निसटते.

ऐकण्यासाठी हायडनच्या सोनाट्यांपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवतो. ते आटोपशीर आहेत, त्यांतला खोडकरपणा लगेच पकडता येतो आणि ब्रेंडेल यांच्या हातात ते विशेष खुलतात. त्यानंतर शूबर्टचे इम्प्रॉम्प्टू या छोट्या पियानो रचना, लिस्टच्या प्रवासचित्रांतील स्वित्झर्लंडचा भाग आणि मोझार्टचा के. २७१ घ्यावा. डियाबेली व्हेरिएशन्स शेवटी ठेवावेत. ते एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐकावे लागतात, आणि त्यासाठी जवळजवळ एक तास मोकळा हवा.